शेजारच्या वर्गातल्या बाई

भाईंदर पश्चिमेतली एक शाळा. ऑगस्टचा दुसरा आठवडा, बाहेर पावसाची रिपरिप, पाचवीच्या वर्गात चौथा तास. फळ्यापाशी उभी असलेली पंचविशीची मुलगी दोनच महिन्यांपूर्वी रुजू झाली आहे. डी.एड. झालं, टीईटी झाली, पाठाचं टाचण तिने काल रात्री बसून नीट लिहून काढलं आहे. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज आहे: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. समोर बेचाळीस मुलं. कुणी राई-मोर्व्याच्या आगरी घरातलं, कुणी उत्तनच्या कोळीवाड्यातलं, कुणाचे आईवडील मराठवाड्यातून बांधकामावर आलेले, पाचसहा जणांच्या घरी हिंदी बोलतात. निम्म्याहून अधिक वह्यांत उत्तर आलं आहे दोन पंचमांश. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. ती तिसऱ्यांदा लसावि समजावते. मागच्या बाकावर मारामारी जुंपते. तिचा आवाज चढतो आणि मध्येच फुटतो. घंटा होते तेव्हा तिच्या मनात एकच वाक्य घोळत असतं, हे आपल्याला जमणारं नाही.

हा प्रसंग मी मनाने उभा केला आहे. पण ज्याने कधी हातात खडू धरला आहे त्याला तो ओळखू येईल. आता त्याच दिवसाची पुढची दहा मिनिटं पाहा. जेवणाची सुट्टी, स्टाफरूम, शेजारच्या वर्गावर वीस वर्षं शिकवणाऱ्या बाई डबा उघडतायत.

"काय गं, घसा बसला वाटतं?"

"हो बाई. अपूर्णांक घेतले आज. कुणालाच येत नाहीत."

"दोन पंचमांश लिहिलं ना सगळ्यांनी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, दर वर्षी लिहितात. लसाविवर लगेच जाऊ नकोस. उद्या त्यांना अर्धा अधिक अर्धा करायला लाव, त्यांच्याच रीतीने. एक नि एक दोन, दोन नि दोन चार. आलं दोन चतुर्थांश, म्हणजे परत अर्धाच. मग विचार, अर्धी भाकरी खाल्ली, वर आणखी अर्धी खाल्ली, तर पोटात अर्धीच गेली का? हसतील. हसले की मग लसाविकडे वळ. आणि तो मागच्या बाकावरचा आहे ना, त्याला वह्या गोळा करायचं काम दे. पहाटे बापाबरोबर बंदरावर असतो तो. चौथ्या तासाला त्याला बसवत नाही."

बस, एवढंच. प्रशिक्षणवर्ग नाही, परिपत्रक नाही. भाजीपोळी खाता खाता झालेलं बोलणं. गेली पन्नास वर्षं जगभरचे अभ्यासक ज्याचं मोजमाप करायला धडपडतायत ते हेच. नव्या शिक्षकाला असा कुणी मिळाला तर त्याचं नोकरीविषयीचं मन कसं बदलतं आणि तो शाळेत टिकतो की नाही? जी उत्तरं हाती आली आहेत ती वाचताना मी अनेकदा थबकलो. इतकी साधी गोष्ट इतकं काही सांभाळून धरत असेल असं वाटलं नव्हतं.

सुरुवात करू एकटेपणापासून. डॉक्टर झालेला मुलगा इंटर्नशिप करतो, वरिष्ठांच्या देखरेखीखाली पेशंट तपासतो. नवा वकील सीनियरच्या चेंबरमध्ये कागद चाळतो, तारखा घेतो, कोर्टात मागे उभा राहतो. शिंप्याकडचं पोरगं आधी काजं-बटणं करतं, कापडाला कात्री लावायला त्याला वर्षं जातात. शिक्षकाचं मात्र वेगळंच. पहिल्या दिवशी त्याच्यावर जी जबाबदारी पडते तीच पंचवीस वर्षं शिकवलेल्यावर असते. तोच वर्ग, तेवढेच तास, तोच अभ्यासक्रम, आणि दार लोटलं की आत दुसरं मोठं माणूस नाही. शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शिक्षकी पेशावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी शाळेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली. प्रत्येक अंडं आपल्या खळग्यात. एकमेकांचा धक्का लागत नाही आणि आधारही लागत नाही.

लॉर्टी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला फार मोलाची वाटते. शिक्षक होणारा प्रत्येक माणूस आधी विद्यार्थी म्हणून हजारो तास वर्गात बसलेला असतो. त्यामुळे शिकवणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटतं. पण बाकावरून दिसतो तो फक्त फळ्यापुढचा खेळ. बाईंनी तोच प्रश्न त्याच मुलाला का विचारला, कुठे थांबल्या, कुठे मुद्दाम कानाडोळा केला, यामागचा विचार बाकावरून दिसत नाही. तो दिसायला कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं.

मग पहिल्या वर्षी धक्का बसतो. नेदरलँड्सचे सायमन वेनमन यांनी १९८४ साली निरनिराळ्या देशांतल्या ८३ अभ्यासांची एकत्र छाननी केली. नव्या शिक्षकांच्या अडचणींत सगळ्यांत वर निघालं वर्गनियंत्रण. त्यानंतर मुलांना शिकायला उद्युक्त करणं, वेगवेगळ्या कुवतीच्या मुलांना सांभाळून घेणं. देश वेगळे, भाषा वेगळ्या, आणि यादी जवळपास तीच. भाईंदरच्या त्या मुलीला हे कुणी सांगितलं असतं तर तिच्या मनावरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं असतं. तिला वाटत होतं दोष आपल्यात आहे.

कॅलिफोर्नियातल्या एलन मॉयर यांनी तर नव्या शिक्षकाच्या पहिल्या वर्षाचा आलेखच काढला. आधी उमेद, मग कसंबसं तगून राहणं, मग मन उतरतं, सुट्टीनंतर पुन्हा उभारी येते, आणि वर्षाच्या शेवटी माणूस मागे वळून पाहू लागतो. मन उतरण्याचा काळ शाळा सुरू झाल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येतो. आपल्या दिनदर्शिकेवर मांडून पाहा. जूनच्या मध्याला शाळा उघडते, म्हणजे हा काळ येतो ऑगस्टात. नेमकी पहिली घटक चाचणी, पेपर तपासणं, स्वातंत्र्यदिनाच्या कवायती आणि पोर्टलवर माहिती भरण्याची घाई. दिवाळीची सुट्टी अजून दूर असते. कॅलिफोर्नियात काढलेली रेघ भाईंदरच्या पावसात लागू पडावी याचं मला खरोखर नवल वाटलं.

आता आकड्यांकडे येऊ. अमेरिकेत थॉमस स्मिथ आणि रिचर्ड इंगरसोल यांनी १९९९-२००० या वर्षात रुजू झालेल्या तीन हजारांहून अधिक शिक्षकांची माहिती घेतली आणि पहिलं वर्ष संपल्यावर कोण राहिलं, कोण गेलं ते पाहिलं. ज्यांना आपल्याच विषयाचा मार्गदर्शक मिळाला होता त्यांची पेशा सोडण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसली. मार्गदर्शक दुसऱ्या विषयाचा असेल तर तो परिणाम खात्रीने सांगण्याइतका उरत नव्हता. दोन पंचमांश ऐकल्याबरोबर "दर वर्षी लिहितात" असं म्हणणाऱ्या बाईंचं मोल इथे कळतं. इतिहासाच्या सरांनी धीर नक्की दिला असता. अर्धी भाकरी त्यांच्याकडून मिळाली नसती.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट याहून चकित करणारी आहे. मार्गदर्शकापेक्षाही मोठा फरक दिसला तो एका अगदी कोरड्या वाटणाऱ्या सोयीने: त्याच विषयाच्या इतर शिक्षकांबरोबर बसून पाठ ठरवायला वेळापत्रकात राखलेला वेळ. तो ज्यांना होता त्यांची सोडून जाण्याची शक्यता सुमारे ४३ टक्क्यांनी कमी होती. आणि सगळे आधार एकत्र मिळाले तर? ज्यांना काहीच मदत नव्हती त्यांच्यात पहिल्या वर्षाअखेर शाळा बदलण्याची किंवा पेशा सोडण्याची शक्यता सुमारे ४० टक्के निघाली. ज्यांना मार्गदर्शक, एकत्र बसायचा वेळ, कामाचा कमी भार आणि बाकीचं सगळं मिळालं त्यांच्यात ती १८ टक्क्यांवर आली. असे भाग्यवान मात्र अगदी थोडे होते.

न्यूयॉर्क शहराने २००४ साली नव्या शिक्षकांसाठी मोठी मार्गदर्शन योजना सुरू केली. जोना रॉकॉफ या अर्थतज्ज्ञाने तिचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं. मार्गदर्शकाने त्याच शाळेत पूर्वी काम केलेलं असेल तर नवा शिक्षक त्या शाळेत टिकण्याची शक्यता जास्त. मी हे वाक्य वाचलं आणि मला थेट आपलं शहर आठवलं. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ साली ती पाच लाखांवर गेली, २०११ साली आठ लाखांवर. महानगरपालिका झाली ती २००२ मध्ये. मिठागरं आणि भातशेतीच्या गावांवर वीस वर्षांत एक शहर उभं राहिलं. शाळा नव्या, मुलं नवी, शिक्षक नवे. गणपतीत अर्धा वर्ग गावाला जातो तेव्हा नवा धडा काढायचा नाही, सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तनला वेलंकनी मातेचा सण असतो, खाडीकडच्या वस्तीत मोठ्या भरतीला पाऊस लागला की कुणाला उशीर होणार, कुणाच्या घरी दुपारी मोठं माणूस नसतं. हे कुठल्याही डी.एड.च्या पुस्तकात नाही. ते शाळेतल्या एखाद्या जुन्या बाईंच्या डोक्यात असतं आणि त्या निवृत्त झाल्या की त्यांच्याबरोबर निघून जातं.

पण सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, आणि तेही सांगितलं पाहिजे. स्टीव्हन ग्लेझरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एका भल्यामोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. अमेरिकेतल्या ४१८ प्राथमिक शाळा, एक हजारावर नवे शिक्षक. कुणाला भरघोस, शिस्तबद्ध मार्गदर्शन द्यायचं आणि कुणाला नेहमीचंच, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. निकाल? शिक्षक टिकण्यात फरक नाही. त्यांच्या समाधानात फरक नाही. दोन वर्षं पूर्ण मदत मिळालेल्यांच्या विद्यार्थ्यांचे गुण मात्र तिसऱ्या वर्षी वाढलेले दिसले.

हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खट्टू झालो. नंतर लक्षात आलं की ज्यांना भरघोस मदत नव्हती तेही अगदी वाऱ्यावर नव्हते. त्यांना नेहमीचा आधार होताच. म्हणजे तुलना आधार आणि निराधार यांच्यात झालीच नव्हती. साधा आधार आणि भारी आधार यांच्यात ती झाली. त्यातून मी तरी असं समजतो की वरून आलेला कार्यक्रम कितीही देखणा असला तरी शेजारच्या वर्गातल्या बाईंहून तो फार जास्त काही देत नाही. ज्यांच्याकडे पैसा कमी आणि जुनी माणसं चांगली आहेत अशा आपल्यासारख्यांना ही बातमी वाईट नाही.

त्या दहा मिनिटांत मनात नेमकं काय घडतं? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली एक मांडणी केली. 'मला हे जमेल' हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो. स्वतः करून जमलं, आपल्यासारख्याला जमताना पाहिलं, विश्वासातल्या माणसाने 'जमेल तुला' म्हटलं, आणि छातीतली धडधड कमी झाली. आता पुन्हा स्टाफरूममध्ये जाऊ. बाईंनी उद्या करून पाहता येईल अशी युक्ती दिली. 'दर वर्षी लिहितात' म्हणताना आपणही यातून गेलो हे सांगितलं. 'हसतील' हे ठामपणे म्हटलं. आणि घशाची चौकशी आधी केली. चारही वाटा एका डब्यापाशी उघडल्या, आणि बाईंनी बँडुरांचं नावही ऐकलेलं नसेल. दुसऱ्या दिवशी वर्ग हसला की त्या मुलीचं नोकरीकडे बघणं बदललेलं असतं. काल हीच बेचाळीस मुलं तिला अंगावर येणारी वाटत होती.

मराठीत मेंटॉरिंगसाठी एक नेमका शब्दप्रयोग आहे: 'हाताखाली तयार होणे'. गवई सांगतात, स्वयंपाकी सांगतात, जुने कंपाउंडर सांगायचे, मी अमक्यांच्या हाताखाली तयार झालो. शिक्षकांच्या तोंडी तो तितका ऐकू येत नाही याची मला खंत वाटते. कारण त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण याच रेल्वेमार्गावर घडलं आहे.

भाईंदरहून चर्चगेटकडे निघालात की मीरा रोड आणि दहिसर सोडून तिसरं स्टेशन बोरिवली. तिथे १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं. शिबिरात पस्तीस वर्षांच्या एक बाई होत्या, अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, मोठ्या कष्टाने शिकलेल्या, १९२९ पासून शाळेत शिकवणाऱ्या. आधी नाशिक जिल्ह्यात आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत मिळून सोळा वर्षं त्यांनी शिकवलेलं होतं. तिथे त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. खेड्यातल्या गरीब मुलांसाठी बालशिक्षणाचं काम त्यांना उभं करायचं होतं आणि त्या माणूस शोधत होत्या. अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या. बोरिवलीहून उत्तरेला जाणारी हीच लाइन, भाईंदर, मग खाडीवरचे पूल, मधलं पाणजू बेट, आणि पुढे कितीतरी वेळाने घोलवड. तिथून बोर्डी. त्याच वर्षी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं.

सोळा वर्षं शिकवलेल्या अनुताई बोर्डीत पुन्हा नवशिक्या झाल्या. मोठ्या मुलींचे वर्ग घेणं वेगळं आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलांची नखं काढून, आंघोळ घालून, मग त्यांना गाणं शिकवणं वेगळं. ताराबाईंनी हे आधी केलेलं होतं. त्याही कुणाच्या तरी हाताखाली तयार झाल्या होत्या: राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून १९२३ च्या सुमाराला त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. मुलाच्या जन्मानंतर बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी तिथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. प्राचार्यपद सोडून एका वकिलाच्या बालवाडीत शिकायला जाणं, हे धाडस आजही मला थक्क करतं. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं, आणि पन्नाशी उलटल्यावर मुंबई सोडून बोर्डीला बिऱ्हाड केलं.

या शेवटच्या गोष्टीत सगळं आलं. ताराबाईंनी अनुताईंना दादरहून पत्रं पाठवून मार्गदर्शन केलं नाही. त्या तिथेच राहिल्या, तेच काम केलं, तीच मुलं दोघींनी पाहिली. बोर्डीहून १९५७ च्या सुमाराला काम कोसबाडच्या टेकडीवर आलं, वारली मुलांमध्ये. मुलं शाळेत येईनात, कारण त्यांना गुरं राखायची असत. तेव्हा शाळा कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द तिथला. मुलं वस्तीवरून येईनात, तेव्हा शाळा अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्दही तिथूनच आला आणि १९७५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. असे शब्द एकट्याच्या टाचणवहीत सुचत नाहीत. आज काय फसलं यावर दोघींनी संध्याकाळी बसून बोलावं, त्यातून ते येतात असं मला वाटतं. स्मिथ आणि इंगरसोल यांचे ४३ टक्के मी या टेकडीवर वाचतो.

ताराबाई १९७३ साली गेल्या. दोघींचं एकत्र काम अठ्ठावीस वर्षांचं. त्यानंतरही अनुताई कोसबाड सोडून गेल्या नाहीत. १९९२ साली त्यांचं निधन झालं तोवर त्या शाळेतच होत्या. बोरिवलीच्या त्या शिबिरापासून मोजलं तर सत्तेचाळीस वर्षं.

आता आजच्या महाराष्ट्राकडे. आपल्याकडे नव्या शिक्षकाची पहिली ओळख होते ती 'शिक्षणसेवक' या पदाशी. २००० साली ही पद्धत आली. तीन वर्षं मानधनावर काम, मग नियमित वेतनश्रेणी. मानधन कितीतरी वर्षं प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होतं. जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. ही वाढ फार आधी व्हायला हवी होती. पोट भरत नसेल तर शेजारच्या बाई कितीही चांगल्या असल्या तरी माणूस कुठवर टिकणार? पैशाचं काम पैशानेच होतं.

पण या तीन वर्षांकडे दुसऱ्या नजरेनेही पाहता येतं. तीन वर्षं म्हणजे तयार होण्याचा केवढा मोठा काळ! खाजगी शाळांतही १९७७ च्या कायद्याने दोन वर्षांचा परिविक्षा कालावधी असतो. हा काळ आपण बहुतेक ठिकाणी वाट पाहण्यात घालवतो. वरून नव्याच्या पदरात पडतो तो सर्वांत अवघड वर्ग, कारण जुन्यांनी 'अ' तुकडी आधीच घेतलेली असते. जास्तीत जास्त बदली तास त्याचे. 'तू तरुण आहेस, तुला कॉम्प्युटर येतो' म्हणून सरल आणि यू-डायसची माहिती भरणं त्याचं. स्नेहसंमेलन त्याचं. मतदार यादीचं कामही पुष्कळदा त्याच्याच गळ्यात. कुणी दुष्टपणे करत नाही हे. आपल्या वेळीही असंच होतं, या समजुतीने होतं.

आणि जाण्याचे प्रकारही आपल्याकडे वेगळे आहेत. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक जूनमध्ये शाळा बदलतो, पालकांना नवी ओळखपत्रं दिसतात. अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेतला शिक्षक सहसा नोकरी सोडत नाही. एवढ्या प्रयत्नांनी, पवित्र पोर्टलच्या याद्या बघत मिळालेली ती नोकरी असते. तो बदलीचा अर्ज करतो. आणि बदलीही मिळाली नाही तर तो राहतो, मस्टरवर सही करतो, अभ्यासक्रम पुरा करतो, पण मनाने निघून गेलेला असतो. परदेशी अभ्यासक हजेरीपटावरून माणसं मोजतात. आपल्याला मन मोजावं लागेल, आणि माझ्या मते आपल्याकडे गळती तिथेच जास्त आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्या ऑगस्टला विझलेला माणूस पुढची चौतीस वर्षं वर्गात उभा राहतो. किती मुलं त्याच्यासमोरून जातात याचा हिशेब करून पाहा.

धोरणाने हे ओळखलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नॅशनल मिशन फॉर मेंटॉरिंग निघालं आणि जुलै २०२२ मध्ये केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि सीबीएसईच्या मिळून ३० शाळांत त्याचा प्रयोग सुरू झाला. दिल्ली सरकारने २०१६ पासून सुमारे दोनशे शिक्षकांना मेंटॉर म्हणून नेमून दुसऱ्या शाळांत पाठवलं. महाराष्ट्रात केंद्र पातळीवर शिक्षण परिषद भरते, केंद्रप्रमुख असतात. चांगल्या केंद्रप्रमुखाने एखादा तालुका कसा हलवला याच्या गोष्टी शिक्षक आजही सांगतात.

मात्र एक सावधगिरी. अँड्र्यू हॉब्सन आणि अँजी माल्डेरेझ यांनी २०१३ साली इंग्लंडमधल्या अभ्यासावरून दाखवलं की मार्गदर्शक जेव्हा सतत निवाडा करू लागतो तेव्हा नवा शिक्षक अडचणी लपवायला शिकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर गोपनीय अहवाल लिहिणारा हात आणि डबा पुढे करणारा हात एकच नसावा. 'मला वर्ग आवरत नाही' हे वाक्य ज्या माणसापुढे निर्धास्तपणे बोलता येतं तोच खरा मार्गदर्शक. मुख्याध्यापक कितीही मायाळू असोत, त्यांच्यापुढे ते बोलायला जीभ रेटत नाही.

जपानने १९८९ पासून नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष शिकण्याचं वर्ष ठरवलं, शाळेतलाच एक अनुभवी शिक्षक त्याला जोडून दिला. शांघायमध्ये गुरू-शिष्याची जोडी लावतात, दोघं एकमेकांचे पाठ पाहतात. स्कॉटलंडने २००२ मध्ये नव्या शिक्षकाला एक वर्षाची हमखास नेमणूक द्यायला सुरुवात केली आणि त्या वर्षी त्याला पूर्ण वेळापत्रक द्यायचं नाही असं ठरवलं. या तिन्ही जागा एकमेकींसारख्या अजिबात नाहीत. तरी तिन्हीकडे नव्या शिक्षकाला माणूस आणि वेळ हे दोन्ही शाळेच्या आतच दिले. नुसता माणूस नेमून वेळ दिला नाही तर काय होतं ते आपण पाहतोच. मार्गदर्शकाचं नाव फायलीत राहतं आणि त्या बाईंचे स्वतःचे आठ तास त्यांना मान वर करू देत नाहीत. शेजारच्या बाईंच्या चांगुलपणावर किती वर्षं चालवायचं? त्यांचे दोन तास कमी करा. त्यांच्या सेवापुस्तकात या कामाची नोंद होऊ द्या.

भाईंदरमधल्या, आणि कुठल्याही गावातल्या, मुख्याध्यापकांना आणि पर्यवेक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदा तुमच्याकडे कुणी नवीन रुजू होणार असेल तर त्याच विषयाचा, तुमच्याच शाळेत मुरलेला एक शिक्षक आधी हेरून ठेवा, आणि आठवड्यातला एक ऑफ तास दोघांचा एकाच वेळी येईल असं पाहा. वेळापत्रकाच्या तक्त्यात त्याला एक चौकोन लागतो. तो जूनच्या पहिल्या आठवड्यात मोकळा ठेवावा लागतो, कारण जुलैपर्यंत तक्ता भरून गेलेला असतो.